बिनडोक्याची शेपटी आणि जीवाणूंच्या अंगावरची साखर



नववीत ‘उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव’ हा धडा आला की आपण सगळेच प्रतिजैविकांपाशी जरा रेंगाळतो. फ्लेमिंग, १९२८ साल, बशीतली बुरशी, पेनिसिलीन. गोष्ट रंगतदार आहे, मुलं कान देऊन ऐकतात आणि शेवटी वहीत एक वाक्य उतरतं: ‘प्रतिजैविके जीवाणूंचा नाश करतात.’ वाक्य बरोबर आहे, परीक्षेत गुणही मिळतात. पण कोणत्या जीवाणूंचा, हे त्या वाक्यात येत नाही. घशासाठी घेतलेली गोळी पोटात जाते, रक्तात जाते, सगळीकडे फिरते, आणि वाटेत भेटणाऱ्या जीवाणूंपैकी बऱ्याच जणांना झोडपते. त्यात आपल्या आतड्यात वर्षानुवर्षं नांदणारे निरुपद्रवी जीवाणूही आलेच. कोर्स सुरू असताना मुलाला जुलाब का लागतात, हा पालकसभेत मला हमखास येणारा प्रश्न आहे. त्याचं एक उत्तर इथे आहे. बांधाच्या कडेला हराळी माजली म्हणून अख्ख्या रानावर तणनाशक मारावं, तसा हा प्रकार.

(म्हणून कोर्स अर्ध्यावर सोडायचा नसतो, तो निर्णय डॉक्टरांनाच विचारून घ्यायचा. हे सांगितल्याशिवाय पुढे गेले तर माझं मलाच चैन पडणार नाही.)

मग नेमका एकच जीवाणू ओळखून तेवढाच मारणारं काही असतं का? असतं. ते जीवाणूंनीच बनवलेलं आहे. शास्त्रज्ञ त्याला टेलोसिन म्हणतात, म्हणजे ‘शेपटीसारखं बॅक्टेरिओसिन’. बॅक्टेरिओसिन म्हणजे एका जीवाणूने दुसऱ्या जीवाणूला मारण्यासाठी तयार केलेलं प्रथिन. आपल्या पाठ्यपुस्तकात हे अजून नाही. मला हा विषय पुस्तकातून भेटलाही नाही, तो भेटला एका लॅबच्या रिपोर्टमधून.

सासूबाईंना जुना मधुमेह. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम झाली आणि ती भरेचना. ड्रेसिंग काढलं की पट्टीवर निळसर-हिरवा डाग दिसायचा, आणि द्राक्षं आंबायला लागल्यावर येतो तसा गोडूस वास. पू तपासायला दिला. तीन दिवसांनी रिपोर्ट आला, त्यावर नाव होतं ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’. खाली औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येक औषधापुढे एक अक्षर. ‘एस’ म्हणजे या औषधाला जीवाणू दाद देतो, ‘आर’ म्हणजे देत नाही. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी कागद माझ्या हातात दिला. मी वरून खाली बोट फिरवत गेले. आर, आर, आर, मधे एक एस, पुन्हा आर. सासूबाई विचारत होत्या, “काय गं, पास की नापास?” त्यांना काय सांगणार. शेवटी शिरेतून द्यायच्या इंजेक्शनांवर जखम आटोक्यात आली, पण ते बोट काढावं लागलं.

त्या महिन्याभरात दवाखान्याच्या बाकड्यावर बसून या जीवाणूबद्दल जेवढं मिळेल तेवढं मी वाचून काढलं. ‘एरुजिनोसा’ हे नाव तांब्याच्या गंजाच्या लॅटिन शब्दावरून आलंय. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आंबट कढी ठेवली की ती कळकते आणि कडेला हिरवट रंग उतरतो ना, तोच रंग. हा जीवाणू माती, पाणी, ओलसर जागा, कुठेही राहतो. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. भाजलेला, जखमी, खूप आजारी माणूस सापडला की मात्र ठाण मांडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंची यादी काढली, तेव्हा कार्बापेनेम गटातल्या औषधांना न जुमानणारा हा जीवाणू सर्वांत वरच्या, ‘अतिगंभीर’ गटात होता. २०२४ च्या यादीत तो एक पायरी खाली, ‘उच्च’ प्राधान्याच्या गटात आलाय. आणि याच जीवाणूच्या पोटात, त्याच्याच जातभाईंना मारणारं हत्यार दडलेलं आहे.

ते पहिल्यांदा लक्षात आलं १९५४ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. फ्रांस्वा झाकोब हे नाव तुम्ही जनुकांच्या नियंत्रणाच्या संदर्भात ऐकलं असेल. १९६५ चं नोबेल त्यांना ल्वॉफ आणि मोनो यांच्याबरोबर मिळालं. या माणसाला खरं तर सर्जन व्हायचं होतं. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत ते जबर जखमी झाले, हात पूर्वीसारखा राहिला नाही, शस्त्रक्रियेचा नाद सोडावा लागला आणि ते संशोधनाकडे वळले. तर झाकोब यांनी या हिरव्या पुवाच्या जीवाणूवर अतिनील किरण टाकले. काही वेळाने जीवाणू फुटले आणि त्यांच्यातून असं काहीतरी बाहेर पडलं की जे त्याच जातीच्या दुसऱ्या वाणांना मारत होतं. त्याला त्यांनी पायोसिन नाव दिलं. असं एकमेकांना मारणं त्याआधी माहीत होतं. बेल्जियमच्या आंद्रे ग्रॅशिया यांनी १९२५ मध्येच ई. कोलायच्या बाबतीत ते पाहिलं होतं. पायोसिनचं नवल पुढे उलगडलं. १९६० च्या दशकात जपानमध्ये माकोतो कागेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते साधं प्रथिन नव्हतं. ती हुबेहूब विषाणूची शेपटी होती.

इथे वर्गात थांबून आधी जीवाणूभक्षी विषाणू समजावून सांगावा लागतो. जीवाणूंनाही विषाणू छळतात. ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि देरेल यांनी १९१७ मध्ये हे स्वतंत्रपणे दाखवलं. त्यांचं चित्र मुलांना फार आवडतं, कारण ते चंद्रावर उतरणाऱ्या यानासारखं दिसतं: वर टोकदार डोकं, खाली सरळ शेपटी, आणि शेपटीच्या बुडाशी कोळ्यासारखे पाय. डोक्यात डीएनए भरलेला असतो. पाय जीवाणूवर टेकले की शेपटीतून डीएनए आत सोडला जातो, आणि मग तो जीवाणू विषाणूंचा कारखाना बनतो.

आता या चित्रातलं डोकं खोडरबराने पुसून टाका. उरतं ते आपलं पायोसिन. डोकं नाही म्हणजे डीएनए नाही, म्हणजे पिल्लावळ नाही. २००० साली जपानी संशोधकांनीच त्याच्या जनुकांचा क्रम वाचून दाखवून दिलं की याचा ‘आर’ प्रकार पी-२ नावाच्या विषाणूच्या शेपटीचा नातेवाईक आहे आणि ‘एफ’ प्रकार लॅम्डा नावाच्या विषाणूच्या. (या ‘आर’चा सासूबाईंच्या रिपोर्टमधल्या ‘आर’शी संबंध नाही. माझा सुरुवातीला गोंधळ उडाला होता, तुमचा होऊ नये.) कधीकाळी हे विषाणू जीवाणूच्या जनुकांत घुसून बसले असावेत. काळाच्या ओघात डोक्याची जनुकं गळून गेली आणि शेपटीची तेवढी जीवाणूने जपून ठेवली. चालून आलेल्या शत्रूची तोफ हाती लागावी आणि ती आपल्याच बुरुजावर चढवून बसवावी, तसं काहीसं.

पुढचं सगळं मी ‘आर’ प्रकाराबद्दल सांगते, कारण त्याचं काम कसं चालतं ते चांगलं कळलेलं आहे. ‘एफ’ लवचिक असतो, आकुंचन पावत नाही, त्याची गोष्ट वेगळी.

‘आर’ पायोसिनची लांबी शंभर नॅनोमीटरच्या थोडी वर. आपल्या एका केसाच्या जाडीत अशा पाच-सहाशे शेपट्या एकापुढे एक सहज मावतील. तिचे भाग मोजकेच. मधे एक कडक पोकळ नळी. नळीच्या खालच्या टोकाला अणकुचीदार सुळा. नळीभोवती म्यान. म्यानाच्या बुडाशी एक बैठक आणि बैठकीला जोडलेले सहा तंतू. हे तंतू म्हणजे तिचे हात म्हणा, बोटं म्हणा.

तंतू जीवाणूच्या पृष्ठभागाला चाचपतात. जे हवं ते हाताला लागलं की ही खबर बैठकीला पोचते, बैठकीचा आकार बदलतो, आणि ताणून ठेवलेलं म्यान झटक्यात आखडतं. त्याची लांबी साधारण निम्म्यावर येते. म्यान आखडल्यामुळे आतली नळी खाली दाबली जाते आणि सुळ्यासकट जीवाणूच्या आवरणात घुसते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हाँग झोऊ यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ आणि २०२० मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या शेपटीची रचना जवळजवळ अणू-अणूपर्यंत टिपली. ती चित्रं पाहिली की यंत्र हा शब्द आपसूक तोंडात येतो.

वर्गात मी यासाठी खटका असलेलं बॉलपेन वापरते. खटका दाबला की रिफिल बाहेर येते. मुलांना पटकन कळतं. पण नंतर दोन गोष्टी सुधारून घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे पेनाला दर वेळी आपला अंगठा लागतो. या शेपटीला बाहेरून कसलीच ऊर्जा लागत नाही, जीवाणू तिला बनवतो तेव्हाच ती ताणून बनवतो. त्या दृष्टीने उंदराचा सापळा जास्त बरोबर, चाप आधीच ओढून ठेवलेला. आणि हा सापळा एकदाच उडतो, पुन्हा लावता येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नळी, सुळा, टोचणं असं ऐकलं की मुलांच्या डोळ्यांपुढे इंजेक्शन येतं, आणि ती लगेच विचारतात की मॅडम, आत कोणतं विष सोडतात? कोणतंच नाही. नळी रिकामी असते. जीव जातो तो पडलेल्या भोकामुळे. जीवाणूच्या आतल्या पटलाच्या दोन बाजूंना विद्युतभाराचा फरक असतो, त्या फरकाच्या जोरावर त्याची ऊर्जा तयार होते आणि अन्न आत ओढलं जातं. भोक पडलं की आयन इकडून तिकडे वाहतात आणि हा फरक संपतो. जपानमध्ये १९८४ मध्येच हे प्रयोगाने दाखवलं गेलं होतं. गच्चीवरच्या टाकीला बुडाशी छिद्र पडलं तर घरातले सगळे नळ शाबूत असूनही पाणी येत नाही ना, तसं. एवढ्या मोठ्या जीवाणूला एक शेपटी नीट लागली तरी पुरते.

आता खरा प्रश्न. सापळा उडायचा कुणावर, हे ठरतं कसं?

यासाठी जीवाणूच्या त्वचेकडे बघू. (त्वचा हा शब्द मी मुलांसाठी वापरते, पाठ्यपुस्तकातल्या पेशीभित्तिकेशी त्याची गल्लत करू नका.) स्यूडोमोनास, ई. कोलाय अशा जीवाणूंना पेशीभित्तिकेच्याही बाहेर आणखी एक पटल असतं, आणि त्यावर लिपोपॉलिसॅकराइड नावाच्या रेणूंची दाट लव असते. नाव फोडलं तर सोपं आहे: लिपिड म्हणजे स्निग्ध भाग, तो पटलात रुतलेला. त्याच्यावर शर्करांचा एक छोटा गाभा. आणि गाभ्यावर काही वाणांमध्ये शर्करांची लांब साखळी. रुजवत घातलेल्या धान्याच्या कोंबांची कल्पना करा, मूळ आत आणि कोंब बाहेर.

पायोसिनचे तंतू पकडतात ते या गाभ्याजवळच्या ठरावीक शर्करेला. कोणत्या वाणात कोणती शर्करा कोणत्या क्रमाने जोडलेली आहे, यावर सगळं अवलंबून. म्हणूनच ‘आर’ पायोसिनचेही आर-१ ते आर-५ असे पाच प्रकार आहेत. म्यान तेच, नळी तीच, फरक मुख्यतः तंतूंच्या टोकांत. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात २०१३ मध्ये याचा एक सुरेख पुरावा मिळाला. काही वाणांवर आर-३ पायोसिनचा परिणाम होत नव्हता. शोधत गेल्यावर कळलं की त्या वाणांत एका जनुकाच्या सुरुवातीचा तुकडा गळालेला आहे, त्यामुळे ते जनुक चालू होत नाही, आणि म्हणून गाभ्याच्या टोकाचा एक ग्लुकोज रेणू जोडला जात नाही. एक ग्लुकोज. आपण चहात घालतो त्या साखरेच्या रेणूचाही निम्मा भाग. तेवढा नसेल तर तंतूंना पकडायला काही नाही, चाप उडत नाही, जीवाणू वाचतो.

‘कुलूप आणि किल्ली’ ही उपमा इथे सर्रास वापरली जाते. मी ती टाळते. विकरांसाठी ती ठीक आहे, पण इथे किल्लीने काही उघडत नाही, आणि लांब शर्करासाखळ्यांची गर्दी असेल तर गाभा झाकला जाऊन तंतू तिथवर पोचतच नाहीत. अंधारात कापडांच्या ढिगात हात घालून पैठणीचा काठ बोटांना लागतो का ते चाचपणं, हे मला जास्त जवळचं वाटतं. तुम्हाला आणखी चांगली उपमा सुचली तर जरूर वापरा.

या ओळखीवरून दवाखान्यांत एक जुनी तपासणीही होती. एडिंबरामध्ये गिलीज आणि गोव्हन यांनी १९६६ मध्ये अशी पद्धत बसवली की रुग्णाकडून मिळालेल्या जीवाणूचं पायोसिन कोणाकोणाला मारतं ते बघायचं, आणि त्यावरून त्याचा वाण ठरवायचा. दोन खाटांवरच्या दोन रुग्णांचे जीवाणू एकाच वाणाचे निघाले तर संसर्ग वॉर्डातच फिरतोय असा संशय घ्यायला जागा. डीएनए वाचण्याची सोय नव्हती त्या काळातली ही युक्ती.

आता मुलांचा सगळ्यांत आवडता भाग, आणि माझा सगळ्यांत सांभाळून शिकवायचा. पायोसिन बनवणाऱ्या जीवाणूचं काय होतं? तो मरतो. या शेपट्यांना बाहेर जायला दरवाजाच नाही. जीवाणू आधी आत शेपट्या जुळवतो, एकेका पेशीत सुमारे दोनशेपर्यंत, आणि मग स्वतःची भिंत आतून विरघळवून फुटतो. हे सगळे जीवाणू एकदम करत नाहीत. ज्यांच्या डीएनएला इजा झालेली असते, उदाहरणार्थ अतिनील किरणांनी किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधाने, त्यांच्यात एरवी या जनुकांना दाबून ठेवणारं प्रथिन तुटतं आणि काम सुरू होतं.

हे सांगितलं की वर्गात “म्हणजे शहीद!” असा पुकारा होतोच. मुलांचा उत्साह मला मोडवत नाही, पण तो शब्द फळ्यावर मी लिहीत नाही. जीवाणूला हौतात्म्य कळत नाही. जवळपासचे बाकीचे जीवाणू त्याच्या जनुकांच्या जवळजवळ नकलाच असतात. एक फुटला, शेजारचे परके वाण मेले, जागा आणि अन्न मोकळं झालं, की त्याच जनुकांच्या बाकीच्या बहिणी वाढतात. असं वागायला लावणारी जनुकं टिकून राहिली, एवढंच. मग लगेच पुढचा प्रश्न येतो, आणि तो फार हुशारीचा असतो: बहिणींना ती शेपटी का लागत नाही? ई. कोलायच्या साध्या कोलिसिनमध्ये उतारा म्हणून वेगळं प्रथिन असतं. इथे उतारा वगैरे काही नाही. स्वतःच्या अंगावरची साखर स्वतःच्या तंतूंच्या हाती लागत नाही, एवढ्यावरच घरच्यांचा बचाव चाललेला असतो.

हे वाचताना दवाखान्याच्या त्या बाकड्यावर माझ्या मनात जे आलं तेच तुमच्याही मनात आलं असेल. तंतूंची टोकं बदलली तर? हवा तो जीवाणू निवडता येईल?

कॅलिफोर्नियातल्या ॲव्हिडबायोटिक्स या कंपनीत डीन शॉल आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की पायोसिनच्या तंतूंना दुसऱ्या विषाणूच्या तंतूंचं टोक जोडलं की ते दुसऱ्याच जीवाणूला मारतं. पुढच्याच वर्षी त्यांनी ई. कोलाय ओ-१५७ ला मारणारं पायोसिन बनवलं. हा अन्नातून येणारा ई. कोलायचा घातक वाण. यात डॉक्टर सहसा प्रतिजैविकं टाळतात, कारण काही प्रतिजैविकांमुळे तो जीवाणू जास्त विष सोडण्याची भीती असते. म्हणजे मारायचं तर आहे, पण नेहमीचं हत्यार काढता येत नाही, अशी अडचण. सशाच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगात, २०११ मध्ये, या बदललेल्या पायोसिनने संसर्ग रोखला, आणि जुलाब सुरू झाल्यानंतर दिलं तरी आजार सौम्य झाला.

पण मला सगळ्यांत जास्त भावली ती क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जीवाणूची गोष्ट, कारण सुरुवातीला मी ज्या तणनाशकाबद्दल बोलले त्याचा हा थेट परिणाम आहे. दवाखान्यात बराच काळ प्रतिजैविकं घेतलेल्या, विशेषतः वयस्कर माणसांच्या आतड्यातले नेहमीचे जीवाणू मेले की मोकळ्या रानात हा माजतो आणि जीवघेणे जुलाब लावतो. त्याला मारायला पुन्हा प्रतिजैविक द्यायचं म्हणजे उरलंसुरलं पीकही जायचं. या जीवाणूच्या स्वतःच्या काही वाणांत शेपटीसारखं बॅक्टेरिओसिन सापडलं. त्याला संशोधकांनी नवं टोक जोडलं, आणि ते टोक मिळालं कुठून, तर याच जीवाणूच्या एका घातक वाणाच्या जनुकांत दडून बसलेल्या विषाणूकडून. २०१५ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला. क्लॉस्ट्रिडियमला आतड्यात बस्तान बसवता आलं नाही, आणि बाकीच्या जीवाणूंची विविधता जशीच्या तशी राहिली.

इथे कुणीही विचारेल की जीवाणू यालाही सरावतील ना? एक साखर बदलली की सुटका, हे तर मीच वर लिहिलंय. हो, सरावतात. पण २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा सुटलेल्या क्लॉस्ट्रिडियमचं पुढे काय होतं ते तपासलं. या जीवाणूच्या अंगावर बाहेरून प्रथिनांचं एक चिलखत असतं, शेपटी त्यालाच पकडते. त्यामुळे वाचण्यासाठी जीवाणूंनी ते चिलखतच टाकून दिलं होतं. ते जगले, हॅमस्टरच्या आतड्यात राहिलेही, पण हॅमस्टरना मारू शकले नाहीत. विष कमी, बीजाणू नीट बनेनात. गोळीला सरावलेला जीवाणू अनेकदा तितकाच दांडगा राहतो, हा मात्र अंगावरचे कपडे उतरवून पळाला.

पालकांनी लगेच मेडिकलमध्ये चौकशी करू नये. हे सगळं अजून प्राण्यांवरच्या प्रयोगांतलं आहे, असं औषध दुकानात मिळत नाही. अडचणीही खऱ्या आहेत. एवढं मोठं प्रथिन शरीरात टोचलं तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवणार. शिवाय रुग्णाला नेमका कोणता वाण झालाय हे आधी कळायला हवं, आणि आमच्या त्या रिपोर्टलाच तीन दिवस लागले होते. एकाच वाणावर चालणारं औषध बनवणं कंपन्यांना परवडेल का, ही शंका मला आहेच. पोटातल्या आणि जखमेवरच्या संसर्गात, जिथे ते थेट लावता येईल, तिथे ते आधी येईल असा माझा अंदाज. आणि शेतीत कदाचित त्याही आधी, कारण वनस्पतींना रोग करणाऱ्या स्यूडोमोनासच्या भाईबंदांमध्येही अशाच शेपट्या आहेत.

त्या शेपट्यांबद्दल २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. जर्मनीत मोहरीच्या कुळातलं ॲराबिडॉप्सिस नावाचं रानटी रोपटं उगवतं. त्याच्या पानांवरच्या स्यूडोमोनासमध्ये कोण कोणाला मारतं, हे संशोधक बघत होते. शेपट्यांचे मोजकेच प्रकार पुन्हा पुन्हा सापडत होते, आणि ते मारत होते ते आजूबाजूच्या जवळच्या नातेवाईकांनाच. हे अलीकडचं आहे की जुनं, हे कळावं म्हणून त्यांनी संग्रहालयांतली वाळवलेली पानं काढली. आपण प्रयोगवहीत चिकटवायला लावतो तशीच, कागदावर दाबून ठेवलेली, काही दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची. त्या पानांबरोबर वाळलेल्या जीवाणूंचा डीएनए त्यांनी वाचला. शेपट्यांचे तेच प्रकार तेव्हाही होते.